वाट्याची पावडर

आमच्या घरी दाढी दुपारी तीनला व्हायची. इतर घरांतले पुरुष ती सकाळीच उरकतात, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला होते. कोळसा बंद भट्ट्यांत भाजून त्याचा कोक करतात. तशा भट्ट्यांच्या लांबच लांब रांगेला बॅटरी म्हणतात. बाबांचं काम बॅटरीच्या माथ्यावर. पायांखाली आग आणि तोंडावर काळी भुकटी. तिथे जाण्याआधी दाढी करणं म्हणजे सारवण्याआधी रांगोळी काढणं, असं आई म्हणायची.

सकाळच्या पाळीवरून ते घरी यायचे, जेवायचे आणि मागच्या खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढीला बसायचे. साबणाचा फेस, मग पाणी, मग तुरटीचा खडा. सगळ्यात शेवटी पावडर. गुलाबी डबा होता. डाव्या तळहातावर पावडर घ्यायची, दोन्ही हात चोळायचे आणि डोळे मिटून गालांवर, हनुवटीखाली, कानांच्या मागे, मानेवर थापायची. डोळ्यांत जाऊ नये म्हणून मिटलेले डोळे ते लगेच उघडत नसत. तेवढा वेळ त्यांचा चेहरा अगदी निवलेला दिसायचा. प्लांट नाही, पाळी नाही, आम्ही नाही. मग डोळे उघडायचे, आरशात बघायचे आणि म्हणायचे, "झालो माणूस."

पावडर पुसून सारखी करायची असते, हे त्यांना मान्य नव्हतं. लावली तर ती दिसली पाहिजे. बाबांचा रंग काळा, त्यावर ती पांढरी पुटं उठून दिसायची. मानेच्या घड्यांत तर रेघाच. आई कधी पदराने पुसायला गेली तर हात बाजूला करायचे. "राहू दे. फुकट नाही लावली."

ही एकट्या बाबांची सवय नव्हती, त्यांच्या सगळ्या टोळीची होती. कोळशाची भुकटी आंघोळीने जात नाही. ती कातडीच्या छिद्रांत बसते आणि घाम आला की मानेवरून काळे ओघळ येतात. पावडर तो घाम धरून ठेवते. बाबा एवढंच कारण सांगायचे. दुसरं कारण मला काकांनी सांगितलं. काका म्हणजे बाबांचे दोस्त. भंडाऱ्याकडच्या एकाच गावातून, एकाच मोहल्ल्यातून दोघे भिलाईला आले आणि एकाच बॅटरीवर लागले. त्या मोहल्ल्यातल्या माणसांशी गावातले लोक चार हात दुरून बोलायचे.

"गावात जातीनं दूर ठेवलं," काका म्हणाले होते. "इथं आलो त कोळशानं ठेवलं. भाजीबाजारात बाया पदर सावरून बाजूनं निघून जात. मंग आमी ठरवलं. गेटच्या बाहेर निघाचं त माणूस होऊन निघाचं."

तर बॅटरीच्या न्हाणीघरात खिडकीवर पावडरचा एक डबा असायचा, सगळ्यांचा मिळून. आंघोळ झाली की प्रत्येकाने मानेला, तोंडाला लावायची आणि मगच गेटबाहेर पडायचं. घरी दाढीनंतरची पावडर ती वेगळी. न्हाणीघरातला नियम फार कडक होता. कोणाचं तोंड भाजलं, फोड आले आणि पावडर लावता येत नसली, तर त्याच्या वाट्याची शेजारच्या माणसाने लावायची. स्वतःची लावून झाल्यावर वरून आणखी एक थर. दोन थर लावलेला माणूस सायकलवरून गेटबाहेर आला की बाकीच्यांना कळायचं, आत कोणाला तरी भाजलं आहे. बाबा एकदा असे दोन थर लावून आले होते. मी लहान होतो, हसलो. आई हसली नाही. तिने विचारलं, "कोण?" बाबांनी नाव सांगितलं आणि ती डबा भरून भाजी घेऊन त्यांच्या घरी गेली.

हे सगळं मला माहीत होतं, म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

मला त्या पावडरची लाज वाटायची. शाळेत पालकांना बोलावलं की बाबा पांढरा शर्ट घालून, पांढरी मान घेऊन यायचे. वर्गातला एक मुलगा मला म्हणाला, "तेरे पापा आटा चक्की में काम करते हैं क्या?" मी हो म्हणालो. हो म्हणणं सोपं होतं. चक्कीवाल्याचा मुलगा ही कोणाला हसण्यासारखी गोष्ट नव्हती, पावडर लावणाऱ्या बाबाचा मुलगा ही होती. असं मूल असतं, मोठं होतं, विसरतं. मी मोठा झालो, दुर्गच्या एका कॉलेजात शिकवायला लागलो, वैशाली नगरात आम्ही घर बांधलं. लाज मात्र गेली नाही. तिने फक्त बोलणं बंद केलं. विहारात वंदनेला जाताना, नातेवाइकांकडे जाताना बाबांच्या मानेकडे माझी नजर जायची आणि मी दुसरीकडे बघायचो.

आई गेली त्यानंतर बाबांना दम लागणं वाढलं. आधी जिना चढताना, मग अंगणात चालताना, मग बसल्या बसल्यासुद्धा. फुप्फुसांत काय साठलं होतं ते सांगायला डॉक्टर लागत नव्हता. खोलीत प्राणवायूचं यंत्र आलं, नाकात नळी आली. हात थरथरायला लागले आणि दाढी माझ्याकडे आली. माझं कॉलेज सकाळचं. मी अडीचपर्यंत घरी यायचो आणि तीनला बाबांना खिडकीपाशी खुर्चीवर बसवायचो. दाढीपुरती नळी बाजूला करायची, तीही थोडी थोडी. गाल आत गेले होते. ते बोटांनी ताणून धरल्याशिवाय वस्तरा चालत नसे. ताणलेल्या कातडीत निळसर काळे ठिपके दिसायचे, गोंदल्यासारखे. कोळसा अजून आतच होता.

दाढी झाली की ते डोळे मिटायचे आणि हनुवटी वर करायचे. मी पावडर लावायचो. मी लावायचो तेव्हा कमी लावायचो आणि टॉवेलाने सारखी करायचो. ते डोळे उघडून आरशात बघायचे आणि म्हणायचे, "कंजूष हाय तू बापा."

एक दिवस आम्ही त्यांना दुर्गला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबा बाहेर बाकावर वाफ घेत बसले होते, आत मी आणि बायको. डॉक्टर काय काय बंद करायचं ते सांगत होते. धूळ, धूर, उदबत्ती, घरात झाडू मारताना त्यांना बाजूला न्यायचं. सांगून झालं होतं. उठता उठता मी विचारलं, "और पाउडर?"

"कौन सा पाउडर?"

"दाढ़ी के बाद लगाते हैं. बहुत सारा लगाते हैं."

'बहुत सारा' हे मी माझ्याकडून घातलं. डॉक्टर म्हणाले, "न लगाएँ तो अच्छा." मग म्हणाले, "बहुत मन हो तो मास्क लगाकर, पंखा बंद करके, हाथ में लेकर ज़रा सा. गले पर. चेहरे पर नहीं."

बाहेर आलो. बाबांनी तोंडावरचा वाफेचा मास्क काढला. "काय म्हणते डॉक्टर?"

"उदबत्ती बंद," मी म्हणालो. "आणि पावडर एकदम बंद. सक्त नाही म्हणाले."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली आणि मास्क पुन्हा तोंडाला लावला.

मी त्यांच्या भल्यासाठी बोललो, असं त्या दिवशी गाडी चालवताना मी स्वतःला सांगत होतो, आणि ते खोटंही नव्हतं. त्या फुप्फुसांत आणखी काही भुकटी जाऊ नये, हे कोणालाही पटेल. पण घरी येऊन मी गुलाबी डबा उचलला आणि कपाटावर मागे ठेवला, तेव्हा माझं मन हलकं झालं. भीती गेल्यावर मन हलकं होतं, तसं ते नव्हतं. एखादं काम वर्षानुवर्षं राहिलं असावं आणि कोणीतरी ते दुसऱ्याच्या नावावर करून द्यावं, तसं होतं. ते मी ओळखलं आणि डबा आणखी मागे सरकवला.

पुढच्या वेळी मी गरम पाणी घेऊन गेलो तर बाबांनी तोंड फिरवलं.

"पावडर नाही ना?"

"नाही बाबा. डॉक्टर..."

"मंग दाढी कावून करून राहिला?"

"असं कसं. दाढी तर करावी लागेल."

"कशाले? अर्धं काम कशाले करतं? राहू दे."

मी राहू दिलं. मला वाटलं, दोन दिवसांत खाजेल आणि स्वतः बोलावतील. त्यांनी बोलावलं नाही. पांढरी दाढी वाढली. नाकातली नळी तिच्यात अडकायची, चहा तिच्यात सांडायचा. जेवताना वरण लागायचं आणि बायको पुसायला गेली की ते तोंड बाजूला करायचे. शेजारच्या बाई फाटकातून विचारून गेल्या, "बाबूजी की तबीयत ज़्यादा ख़राब है क्या?" मला वाटलं त्यांना खरं म्हणजे विचारायचं होतं, लक्ष नाही देत का कोणी.

माझी मुलगी अकरावीत आहे. घरात आम्ही मराठी बोलतो, ती उत्तर हिंदीत देते. ती एकदा आजोबांच्या खोलीतून येऊन म्हणाली, "आजोबा किसी और के आजोबा लगते हैं." मी तिला रागावलो.

काका महिन्या-दोन महिन्यांनी रिक्षा करून कुरुदहून यायचे. त्यांच्याही पायांत जोर राहिला नव्हता, पण जीभ होती. मान पांढरी. त्या दिवशी ते दारातच थांबले आणि बाबांकडे बघत राहिले.

"काय गड्या, जंगलात चालला का?"

"बस न," बाबा म्हणाले.

"नाही, मले वाटलं चुकीच्या घरी आलो. इथं एक माणूस राहात होता."

"पोट्ट्यानं पावडर बंद केली."

"पोट्ट्यानं का डॉक्टरनं?"

"डॉक्टरनं. पोट्ट्यानं सांगितलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा आणायला उठलो.

"मले बी डॉक्टरनं तंबाखू बंद केली होती," मागून त्यांचा आवाज आला. "मंग मी डॉक्टरच बंद केला."

बाबा हसले आणि हसता हसता खोकले. बराच वेळ खोकले. मी परत आलो तेव्हा काका त्यांची पाठ चोळत होते आणि खिशातून पत्रिका काढत होते. नातीचं लग्न, दुर्गला, डिसेंबरात.

"येवाचं हाय."

"मी कुठं येतो आता."

"असा येशीन त पोट्टी म्हणन, दाराशी कोणी मागाले आला. पण येवाचं हाय. गावचा तूच एक उरला माझा." मग ते आवाज न बदलताच म्हणाले, "बॅटरीवरचे सगळे येऊन राहिले. जितके हायत तितके."

बाबांनी पत्रिका उशीखाली ठेवली.

त्या संध्याकाळी बायको पोळ्या लाटत होती. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो.

"डॉक्टर असं बोलले नव्हते," ती म्हणाली.

"जवळपास असंच बोलले."

"जवळपास," ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली. त्यानंतर या विषयावर ती कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो, हरलो असतो आणि डबा खाली काढला असता. ती बोलली नाही आणि मी काढला नाही.

लग्नाच्या दिवशी दुपारी बाबांनी हाक मारली. "पाणी गरम कर."

मी पाणी, साबण, कात्री, सगळं घेऊन गेलो. आधी कात्रीने दाढी उतरवली. वर्तमानपत्रावर कापसासारखा ढीग झाला. मग फेस, मग वस्तरा. आतून बाबांचा चेहरा निघाला, पण आधीपेक्षा लहान. एवढ्या महिन्यांत दाढीखाली तो किती ओसरला होता हे आम्हाला कळलंच नव्हतं. निळे ठिपके तेवढे होते तिथेच होते. मी तुरटी फिरवली. त्यांनी सवयीने डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.

मी ओल्या टॉवेलाने पुसलं. डोळे उघडून ते म्हणाले, "डबा आण."

"बाबा, नको ना आता."

"माझ्यासाठी नाही. आण त."

मी कपाटावरून डबा काढला. त्यावर धूळ होती.

"पंखा बंद कर. तो वाफेचा मास्क लाव माझ्या तोंडाले. आता बस इथं, खाली." मी त्यांच्या पायांशी जमिनीवर बसलो. "माझ्या वाट्याची तू लाव."

माझीही दाढी तेव्हा झालेली होती, सकाळीच. त्यांनी थरथरत्या हाताने तळहातावर पावडर घेतली. थोडी लुंगीवर सांडली. मग माझ्या मानेवर, कानांच्या मागे, हनुवटीखाली त्यांनी ती थापली, हळूहळू, दम घेत. त्यांचा हात माझ्या तोंडाला शेवटी कधी लागला होता ते मला आठवेना. लहानपणी स्वतःची लावून झाली की तळहातावर उरलेली ते माझ्या गालांना पुसायचे. पुढे कधीतरी मी तोंड बाजूला करायला लागलो असेन. तळहात खरखरीत होता आणि गार होता.

"डोळे मिट," ते म्हणाले.

मी मिटले. मास्कआडून त्यांचा श्वास ऐकू येत होता. पावडरचा वास आला आणि मी तसाच बसून राहिलो. कोणी मला काही माफ केलं होतं असं नाही. त्यांना माफ करण्यासारखं काही माहीतच नव्हतं. तरी मला तसं वाटलं.

"झाला माणूस," बाबा म्हणाले.

संध्याकाळी मी गाडी काढली. मागे बाबा आणि बायको, सोबत प्राणवायूचा लहान सिलिंडर. पुढे मुलगी. बाबा पांढऱ्या सदऱ्यात होते, खांद्यांवर शाल, खिडकीतून दुर्गचे दिवे बघत होते. मधेच त्यांनी विचारलं, "नातीले काय द्याचं ते घेतलं ना?" बायको म्हणाली, घेतलं. त्या दिवाळीतसुद्धा ते इतकं बोलले नव्हते.

कार्यालयाच्या दाराशी मी त्यांना उतरवलं. बायको आणि दारातल्या दोन मुलांनी त्यांना धरून आत नेलं. मी गाडी लावायला पुढे गेलो, मुलगी माझ्यासोबत राहिली. गाडी लावली, आतला दिवा लागला.

"पापा, आपके कान के नीचे पाउडर रह गया है," ती म्हणाली. "इधर भी. पूरा गले पे."

तिने ते हसून म्हटलं नव्हतं. शर्टाला खडू लागला असता तरी तिने असंच सांगितलं असतं. मी आरशात पाहिलं. पांढरी पुटं, मानेच्या घडीत रेघ. बाहेर माझे कॉलेजातले दोघे ओळखीचे आपापल्या गाड्या लावत होते. मी खिशातून रुमाल काढला आणि पुसलं. घाईने पुसलं नाही. नीट पुसलं, कॉलरच्या आतून, कानांच्या मागून, काही राहू नये असं. मुलगी म्हणाली, "हाँ, अब ठीक है."

हे करताना मी विचार केला नाही, असं मला म्हणता आलं असतं. पण केला होता. मी विचार केला की त्यांची हौस आता फिटली आहे, त्यांनी लावली, त्यांना आनंद झाला, आता पुसलं तर काय बिघडतं. एवढा सगळा विचार मी रुमालाच्या एका घडीत केला होता.

आत वंदना झाली होती, जेवणं सुरू होती. एका बाजूला गोल करून म्हातारे बसले होते. बॅटरीवरचे, जितके होते तितके. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या कानात यंत्र. सगळ्यांच्या माना पांढऱ्या. दिव्यांत त्या अशा दिसत होत्या की दुरून कोणी म्हणालं असतं, एकाच घरातले आहेत. मधल्या खुर्चीवर बाबा. तेवढीच एक मान कोरी.

मी जवळ गेलो तेव्हा काका त्यांना चिडवत होते. "अखेर कोराच आला का रे? आमचं नाक कापलं."

"कोरा कावून येईन," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात जोर होता. "माझ्या वाट्याची पोट्ट्यानं लावली. मी हातानं लावून देल्ली." आणि त्यांनी मला बघून हात केला. "ये इकडं. पाहा याले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी तोंडाकडे पाहिलंच नाही. नजर थेट मानेवर गेली, कारण कुठे बघायचं ते त्यांना ठाऊक होतं. कोणीतरी चष्मा वर केला. बाबाही बघत होते. आधी हसून, मग नुसतेच.

मागे मुली हसत खिदळत फोटो काढत होत्या.

"घामानं गेली असन," काका म्हणाले.

डिसेंबर होता. सगळ्यांच्या अंगावर शाली, स्वेटर होते. पावडर घामाने जात नाही, घाम धरते, हे त्या गोलातल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. काकांनी ते माझ्यासाठी म्हटलं नव्हतं, बाबांसाठी म्हटलं होतं.

"हो," बाबा म्हणाले. "गाडीत गरम होत होतं."

मग ते दुसऱ्या म्हाताऱ्याला गुडघ्यांचं विचारायला लागले. मी तिथे उभा राहिलो, मग खुर्ची ओढून थोडा मागे बसलो. नात आली, वाकली, बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. परत येताना ते गाडीत झोपले, किंवा डोळे मिटून बसले.

पुढच्या दाढीला मी स्वतःच डबा खाली आणला. पंखा बंद केला, मास्क उशाशी ठेवला. दाढी झाली. बाबांनी डोळे मिटले, हनुवटी वर केली. मी म्हणालो, "बाबा, डॉक्टर एकदम नाही म्हणाले नव्हते. थोडी लावली तर चालते म्हणाले होते. मीच तसं सांगितलं."

ते तसेच डोळे मिटून राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही.

"तुमच्या मानेला लावू का थोडी?"

"राहू दे," ते म्हणाले. "आता गेटच्या बाहेर कुठं जायाचं हाय."

मी आग्रह केला. मी म्हणालो, विहारात जाऊ, काकांकडे कुरुदला जाऊ, मी गाडी काढतो. ते हो हो म्हणाले. ज्या आवाजात लहान मुलांना हो म्हणतात, त्या आवाजात.

आता ते दाढीला नाही म्हणत नाहीत. तीन वाजले की स्वतःच खिडकीकडे बघतात. मी गाल ताणतो, वस्तरा फिरवतो, नळी सरकवतो, पुन्हा लावतो. डबा खिडकीवर उघड्यावर ठेवला आहे. त्यांनी तो मागितला नाही. काका एकदा येऊन गेले, त्यांनी डब्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि पाऊसपाण्याचं बोलले.

तुरटी फिरवून झाली की बाबा अजूनही डोळे मिटतात. मी टॉवेलाने तोंड पुसतो, घडी करतो, पाणी मोरीत ओततो, वस्तरा धुतो. पावडर लावायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ ते मिटलेले डोळे उघडत नाहीत. मी खुर्चीशेजारी उभा राहतो. मग ते डोळे उघडतात, आरशात न बघता म्हणतात, "झालं?"

मी म्हणतो, झालं.